दादांच्या डोक्यातला कोड

प्रश्न:

नमस्कार ताई,

मी पुण्यात एका प्रॉडक्ट कंपनीत आहे. औषधांच्या स्टॉकिस्टांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. नऊ वर्षं कोड लिहिला, यंदा एप्रिलमध्ये मला इंजिनिअरिंग मॅनेजर केलं. टीम अकरा जणांची. प्रॉडक्ट २०११ पासूनचं, जावातलं, सगळं एकाच कोडबेसमध्ये. टीममधली तरुण मंडळी म्हणतात हे फेकून द्या, मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे सुट्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, नव्याने लिहू, आठ महिन्यांत होईल. डायरेक्टर म्हणतात, एआय टूल्सची लायसन्स घेतलीत, आता दिवाळीपर्यंत टीमचा वेग दुप्पट दिसला पाहिजे. दर सोमवारी ‘कुणी किती टक्के कोड एआयने लिहिला’ याचा तक्ता मागतात. आणि आमचे दादा. वय बावन्न, पहिल्या दिवसापासून कंपनीत. रीराइटचं नाव काढलं की ‘करा की’ म्हणून हसतात, डॉक्युमेंटेशनचं नाव काढलं की चहाला जातात. मी त्यांच्या हाताखाली शिकले, आता त्यांचं अप्रेझल मी लिहायचं. रीराइटला हो म्हणू का? डायरेक्टरांना काय सांगू? दादांचं काय करू?

– एक नवी मॅनेजर, बाणेर

ता.क. रीराइटसाठी सगळ्यात जास्त आग्रह धरणाऱ्या मुलाने काल राजीनाम्याचा मेल टाकला. त्याला थांबवू का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. रीराइटला नाही म्हणा. आठ महिन्यांत होणार नाही, हे तर झालंच, पण ते कारण दुय्यम. मुख्य अडचण अशी की तुमचं सॉफ्टवेअर नेमकं काय काय करतं हे आज टीममध्ये दादा सोडून कुणालाच धड सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते नव्याने कसं लिहिणार? एआयचा प्रश्न आणि दादांचा प्रश्न, दोन्ही फिरून याच ठिकाणी येतात. कसे ते पुढे सांगते.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण औषधांच्या बिलिंगचा कोड थोडाफार पाहिलाय, म्हणून पैजेवर सांगते. त्यात क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाचे पैसे वळते करणारा कागद) काढणारं एक लांबलचक फंक्शन असणार, त्यात एकात एक अडकलेले ढीगभर ‘इफ’ म्हणजे अटी असणार आणि वर कुणीतरी ‘याला हात लावू नये’ अशी कॉमेंट टाकलेली असणार. तुमची पोरं तिथेच बोट ठेवून ‘बघा किती घाण आहे’ म्हणत असतील. घाण आहेच. पण ती आली कुठून? केमिस्टकडून एक्स्पायरीचा खोका परत येतो. त्यात सतरा कंपन्यांच्या पट्ट्या, सोबत बिल एकाचंही नाही, हातात फक्त बॅच नंबर. तीच बॅच स्टॉकिस्टने त्याच केमिस्टला दोनदा दिलेली. एकदा ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे बहुतेक औषधांवर १२ टक्के जीएसटी होता तेव्हा, आणि एकदा २२ सप्टेंबर २०२५ नंतर, दर ५ टक्क्यांवर आल्यावर. मूळ बिलावर क्रेडिट नोट काढायची तर कर त्या बिलाच्या दरानेच उलटवावा लागतो. मग हातातली पट्टी कोणत्या बिलातली धरायची? वर माल दहावर एक फ्री अशा स्कीममध्ये गेलेला. अकरा पट्ट्या परत आल्या तर पैसे किती पट्ट्यांचे द्यायचे? प्रत्येक औषध कंपनीचं धोरण निराळं. काही केमिस्ट तर क्रेडिट नोटच्या भानगडीत पडत नाहीत, उलट स्वतःचंच बिल करून माल परत पाठवतात, आणि तेही नियमात बसतं.

त्या फंक्शनमधला एकेक ‘इफ’ म्हणजे कुठल्या तरी स्टॉकिस्टने मार्च अखेरीला फोनवर घातलेली शिवी आहे. दादांनी ती ऐकली, रात्री बसून दुरुस्ती केली, आणि ‘का केली’ ते त्यांच्या डोक्यात राहिलं. कोडमध्ये फक्त ‘काय केलं’ तेवढंच उरलं. नव्याने लिहिलंत की हे सगळे फोन पुन्हा येतील, एकेक करून, त्याच शिव्यांसकट. या वेळी ते तुम्हाला येतील.

मोठ्यांनीही यात हात पोळून घेतलेत. नेटस्केपच्या ब्राउझरची ४ नंबरची आवृत्ती १९९७ मध्ये आली. १९९८ च्या अखेरीस त्यांनी जुनं इंजिन सोडून नवं लिहायला घेतलं. ५ नंबरची आवृत्ती बाजारात आलीच नाही, ६ नंबरची आली ती थेट नोव्हेंबर २००० मध्ये. समोर विंडोजबरोबर फुकट मिळणारा ब्राउझर होता, त्यामुळे ते तसेही अडचणीत होते, हे मान्य. पण ऐन लढाईत तीन वर्षं ग्राहकाला दाखवायला नवं काही नाही, ही वेळ त्यांनी स्वतः ओढवून घेतली. त्या नव्या कोडमधून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला, म्हणजे मेहनत पाण्यात गेली असं कुणी म्हणू नये. नेटस्केपला मात्र बाजार परत मिळाला नाही.

आणि ‘नवं तयार झालं की एका रात्रीत बदलून टाकू’ असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालंच, तर त्यांना ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं सांगा. एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी त्यांनी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या प्लॅटफॉर्मवर नेली. सुमारे १९ लाख लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, मधल्या काळात सीईओ गेले, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड ठोकला. तुमचा स्टॉकिस्ट बँकेएवढा मोठा नाही, पण सकाळी दहाला त्याच्या दारात डिलिव्हरीची पोरं बिलासाठी उभी असतात. बिल निघालं नाही तर तो बारा वाजेपर्यंत दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो.

मग जुनं आहे तसंच ठेवायचं? अजिबात नाही. कोकणात ताडाच्या खांद्यावर रुजलेला पिंपळ पाहिला असेल. तो मुळं खाली सोडतो, ताडाला सगळीकडून वेढतो, आणि एक दिवस पिंपळ तेवढा उभा दिसतो. मार्टिन फाउलरने ऑस्ट्रेलियातल्या जंगलात असली झाडं पाहून २००४ मध्ये सॉफ्टवेअर बदलण्याच्या या पद्धतीला त्या झाडांचं, ‘स्ट्रँगलर’ हे नाव दिलं. तुमच्याकडे ते असं करता येईल. क्रेडिट नोटला आत्ता हात लावू नका, तिथे पहिल्याच झटक्याला हरलात तर पुन्हा कुणी परवानगी देणार नाही. स्कीमचा हिशोब घ्या. त्याला काय लागतं? आयटेम, संख्या, पार्टी, तारीख. बाहेर काय येतं? फ्री किती, सूट किती. हद्द स्पष्ट आहे. गेल्या वर्षभराची खरी बिलं घ्या, पार्ट्यांची नावं-नंबर काढून टाका, जुन्या कोडमधून ती चालवा आणि उत्तरं जपून ठेवा. चूक की बरोबर हे बघू नका, जुना कोड आज जे देतो तेच तुमचं प्रमाण. मग नवा भाग लिहा, त्याच कोडबेसमध्ये, वेगळ्या मॉड्यूलमध्ये, आणि तीच बिलं त्यातून काढा.

पहिल्याच दिवशी शेकडो बिलांत पैशा-दोन पैशांचा फरक दिसेल. टीम म्हणेल, एवढ्याने काय होतंय. तिथे सोडू नका. सूट किंवा कर ओळीओळीला राउंड करायचा की बिलाच्या बेरजेवर, हा प्रश्न त्या दोन पैशांत दडलेला असतो. महिनाअखेरीला स्टॉकिस्टच्या सीएने ताळा घातला की तो बाहेर येतोच. फरक संपले की नवा भाग प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतो त्या सिस्टिमवर, गुपचूप चालू करा. हिशोब दोघांनी करायचा, बिलावर जुन्याचं उत्तर जायचं, तफावत लॉगमध्ये पडायची. एक पूर्ण महिना, महिनाअखेर धरून. लॉग शांत झाला की एका स्टॉकिस्टला नव्यावर आणा, असा स्टॉकिस्ट जो काही बिघडलं तर ओरडण्याआधी फोन करेल. मग पाच. मग सगळे.

आणि मग जुना भाग काढून टाका. हे शेवटचं काम सगळे विसरतात. ‘असू दे, चालू थोडाच आहे’ म्हणत मेलेला कोड वर्षानुवर्षं ठेवला जातो. तुमच्याकडे एलबीटीचा कोड अजून असणार, मी लिहून देते. पुण्यात २०१३ मध्ये आलेला आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झालेला कर, पण त्याचा फ्लॅग (चालू-बंदचं बटण) कुठेतरी कॉन्फिगमध्ये बसलेला असेल. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर ट्रेडिंग कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला तिने नवा कोड चढवला, आठपैकी सातच सर्व्हरवर. नव्या कोडने एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता. आठव्या सर्व्हरवर तो फ्लॅग लागला आणि २००३ पासून वापरात नसलेला कोड जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरच्या वर नुकसान. कंपनी पुढे दुसरीत विलीन झाली. तेव्हा पोरांचा ‘फेकून द्या’चा उत्साह वाया घालवू नका. जे खरंच मेलेलं आहे ते त्यांना शोधायला लावा, दादांकडून खात्री करून घ्या आणि फेका. त्यांनाही बरं वाटेल.

मायक्रोसर्व्हिसेसबद्दल फार बोलत नाही. अकरा माणसं, एक टेबल, एक स्टँडअप. मेल्विन कॉनवेने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच त्यांच्या सॉफ्टवेअरचा घाट होतो. स्वतंत्रपणे रिलीज करणाऱ्या पाच-सहा टीम असतील तर वेगवेगळ्या सर्व्हिसेस कामाच्या. अकरा जणांनी वीस सर्व्हिसेस सांभाळायच्या म्हणजे रात्री दोनला बिल का अडकलं हे शोधायला सहा लॉग उघडून बसायचं. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमने २०२३ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की व्हिडिओचा दर्जा तपासणारं त्यांचं साधन तुकड्यातुकड्यांत होतं, ते एकाच प्रोसेसमध्ये आणलं आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला. अख्खं प्राइम व्हिडिओ नव्हे हं, एक साधन. लोकांनी त्याची फार मोठी बातमी केली. पण तुमचं प्रॉडक्टही त्या एका साधनाच्याच आकाराचं आहे. खरं सांगायचं तर पोरांना मायक्रोसर्व्हिसेस हव्यात त्या रेझ्युमेसाठी. त्यात गैर काही नाही, मुलाखतीत तेच विचारतात. पण त्याची किंमत स्टॉकिस्टने का मोजायची?

आता डायरेक्टर. ते चुकीचं काही मागत नाहीयेत. पैसे घातलेत, फरक दिसायला हवा, एवढंच म्हणणं आहे. चुकीचा आहे तो तक्ता. ज्या आकड्यावर साहेबांची नजर, तो आकडा लोक वाढवून दाखवतात. दिवाळीपर्यंत टक्केवारी ऐंशीवर जाईल आणि ग्राहकाला काडीचाही फरक जाणवणार नाही.

सोमवारच्या आत एक काम करा. मागची वीसेक तिकिटं (नोंदवलेली कामं) काढा आणि प्रत्येक तिकीट किती दिवस कुठे पडून होतं ते लिहा. कोड लिहिण्यात किती, रिव्ह्यूची वाट बघण्यात किती, टेस्टिंगमध्ये किती, ‘दादांना विचारून सांगतो’ यात किती. माझा अंदाज आहे की टायपिंग सगळ्यात कमी निघेल आणि दादा सगळ्यात जास्त. आता विचार करा, एआयने काय केलंय? टायपिंग आणखी कमी केलंय. म्हणजे पूर्वी आठवड्याला दादांकडे जेवढ्या पुल रिक्वेस्ट (तपासायला पाठवलेले कोडमधले बदल) यायच्या त्याच्या दुप्पट येतात, प्रत्येक आधीपेक्षा लांब, आणि लिहिणाऱ्यालाही आतलं सगळं ठाऊक नाही. बोळ तेवढाच, गाड्या दुप्पट. दादा चहाला जातात यात मला तरी नवल वाटत नाही.

वेग वाढल्यासारखा वाटणं आणि वाढणं यातही अंतर आहे. मीटर (METR) नावाच्या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआयसह, काही एआयविना. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता, एआयने २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावर म्हणाले, २० टक्के वाचला. मोजलं तर १९ टक्के जास्त लागला होता. माणसं थोडी, टूल्स २०२५ च्या सुरुवातीची, तेव्हापासून ती सुधारलीत, त्यामुळे ‘एआय निरुपयोगी’ असा निष्कर्ष यातून काढू नका आणि डायरेक्टरांसमोर तर मुळीच मांडू नका. पण मुरलेल्या माणसांनाही आपलं काम लवकर झालं की उशिरा हे नुसतं आठवून सांगता आलं नाही, एवढं यातून नक्की घ्या. तुमचा सोमवारचा तक्ता असाच आठवून भरला जातो ना?

तक्ता बंद करा असं मात्र म्हणू नका. चार महिन्यांच्या मॅनेजरने डायरेक्टरांचा तक्ता बंद करायचा नसतो, त्याला शेजारी रकाने जोडायचे असतात. मी असा मेल टाकला असता:

‘सर, एआयच्या टक्केवारीबरोबर या आठवड्यापासून तीन आकडे जोडतेय. काम हातात घेतल्यापासून ग्राहकाकडे पोचेपर्यंतचे दिवस, रिलीजनंतर तातडीने द्यावे लागलेले फिक्स, आणि काही बंद पडल्यास सुरू व्हायला लागलेला वेळ. सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा अभ्यास करणारा गूगलचा डोरा गट साधारण हेच मोजतो. त्यांच्या २०२४ च्या अहवालात एआयचा वापर वाढला तिथे रिलीजची स्थिरता घटल्याची नोंद आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू या. सध्या आपला सगळ्यात जास्त वेळ रिव्ह्यूत अडकतोय. सोबत वीस तिकिटांचा हिशोब जोडलाय. तो कमी करण्यासाठी मला पुढचे दोन महिने दोन माणसांचा अर्धा वेळ हवा आहे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. मागणी नसलेला मेल साहेब वाचतात आणि विसरतात. गूगलचं नाव मी मुद्दाम घातलंय, तुम्हालाही ते कळलं असेलच.

टीमसाठी नियम एकच पुरे. ज्याने पुल रिक्वेस्ट टाकली त्याने ती टूलकडे न बघता शब्दांत समजावून सांगायची. कोड कुणी लिहिला, माणसाने की यंत्राने, हे विचारायचं नाही. ‘ही अट का आहे?’ एवढं विचारायचं. उत्तर आलं नाही तर रिक्वेस्ट परत. नव्या पोरांना पहिले काही दिवस हे जड जाईल, कारण कॉलेजातून आल्यापासून त्यांनी टूलशिवाय काम केलेलंच नाही. तरी लावून धरा.

आता दादा, म्हणजे खरा विषय.

ते डॉक्युमेंट लिहीत नाहीत याचं कारण आळस असेल असं मला वाटत नाही. या इंडस्ट्रीत पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाने ‘केटी’ (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवून सोपवणं) हा शब्द बऱ्याच वेळा ऐकलेला असतो. केटी द्या म्हटलं की पुढे काय होतं हेही त्याने पाहिलेलं असतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सहा आठवडे नीट केटी दिली आणि सातव्या आठवड्यात एचआरने त्याला खोलीत बोलावलं. तुम्ही डॉक्युमेंटेशन म्हणता, त्यांना केटी ऐकू येतं. त्यातून काल त्यांच्या हाताखाली असलेली मुलगी आज त्यांचं अप्रेझल लिहिणार. ते हसून ‘करा की’ म्हणतात हाच मला त्यांचा मोठेपणा वाटतो.

तेव्हा आधी एकट्यात बोला. दादाच म्हणा, अहोजाहो करा, पण बोला मॅनेजर म्हणून. अप्रेझलचं स्पष्ट सांगा: यंदा तुमचं मूल्यमापन तुम्ही किती बग सोडवलेत यावर नाही, तुमच्याशिवाय टीमने काय निभावलं यावर होईल, आणि ते निभावलं तर त्याचं श्रेय तुमच्या नावावर लिहीन. मग ते लेखी द्या. शक्य असेल तर त्यांना माणसं सांभाळायला न लावणारं वरचं पद मागून घ्या. प्रिन्सिपल म्हणा, आर्किटेक्ट म्हणा, तुमच्याकडे जे असेल ते. पद देता येत नसेल तर आश्वासनही देऊ नका. या वयाचा माणूस नकार सहन करतो, हुलकावणी नाही.

लिहायला मात्र त्यांना सांगूच नका. तिथे एआय कामाला लावा. कंपनीच्या धोरणात बसत असेल तर ते क्रेडिट नोटचं फंक्शन टूलला द्या (ग्राहकाचा डेटा नाही, फक्त कोड) आणि सांग म्हणावं, यातली प्रत्येक अट साध्या भाषेत लिही आणि ती का असावी याचा अंदाजही लिही. दोन-तीन पानं येतील. ‘काय’ बरंचसं बरोबर असेल, ‘का’ बरंचसं ठोकून दिलेलं असेल, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. त्याची प्रिंट काढा. कागदावर, मोठ्या अक्षरात. दुपारी चहाच्या वेळी दादांसमोर ठेवा आणि म्हणा, बघा हो, हे बरोबर आहे का.

चुकीचं लिहिलेलं समोर दिसल्यावर पुण्यातला माणूस गप्प बसूच शकत नाही. पेन मागतील. ‘हे साफ चूक आहे, ही अट त्या नाशिकच्या पार्टीसाठी टाकली होती, त्यांची बॅच दोन गोडाऊनमधून जायची’ असं सुरू होईल. शेजारी तुमच्या टीममधली दोघं बसवा, पैकी एक टेस्टिंगची. एकीने लिहायचं, दुसऱ्याने त्या अटीवर लगेच टेस्ट लिहायची. तास झाला की थांबा, दादांना अजून सांगायचं असलं तरी. आठवड्यातून दोनदा. टूलने जेवढं चुकीचं लिहिलं असेल तेवढं तुम्हाला जास्त मिळेल, म्हणून आधी आपण सुधारून मग त्यांना दाखवू, असला शहाणपणा करू नका.

गणपतीत दादांना पूर्ण सुट्टी द्या. गावी जात असतील तर प्रश्नच नाही, नसतील तरी द्या. लॅपटॉप ऑफिसात, ग्रुपवर त्यांना टॅग करायचं नाही. त्या काळात जे प्रश्न अडतील ते एका वहीत लिहून ठेवा. रिव्ह्यू कुणी करायचे, रिलीज कुणी सोडायचं हे आधीच ठरवा आणि एक रिलीज मुद्दाम त्या दिवसांत ठेवा, छोटं. काहीतरी बिघडेल. बिघडू दे, रोलबॅक करता येईल, म्हणजे जुन्यावर परत जाता येईल, असंच निवडा. ते परत आल्यावर पुढच्या चहाच्या बैठका कशावर घ्यायच्या हे त्या वहीवरून कळेल. ती वही डायरेक्टरांनाही दाखवा, दोन माणसांचा अर्धा वेळ कशाला हवा हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

तुम्ही स्वतः कोड लिहायचा का, हे विचारलेलं नाहीत पण मनात असणार. ज्यावर रिलीज अडेल असं काही हातात घेऊ नका. बग सोडवा, टेस्ट लिहा, रोज दोन पुल रिक्वेस्ट वाचा. पुरे.

राहिला ता.क. मधला मुलगा. पगार वाढवून थांबवू नका. असा थांबलेला माणूस मनाने आधीच गेलेला असतो, आणि बाकीच्या दहा जणांना कळतं की पगार वाढवायचा रस्ता राजीनाम्यातून जातो. पण त्याच्याशी नीट बोला, एचआरच्या फॉर्मवर नव्हे. पैशासाठी चालला असेल तर शुभेच्छा द्या. ‘इथे माझं म्हणता येईल असं काहीच नव्हतं’ असं म्हणाला तर त्याला स्कीमच्या मॉड्यूलबद्दल सांगा. ते पहिल्या ओळीपासून तू करायचंस, पण त्याच्या सपोर्टचा फोनही तुझ्याकडे. यावर त्याचे डोळे चमकले तर राजीनामा मागे घ्यायचा का हे त्याचं तोच ठरवेल, तुम्ही सुचवू नका. जायचंच असेल तर नोटीस पिरियडमध्ये त्याला दादांच्या बैठकीत बसवू नका, ती जागा राहणाऱ्याची आहे. त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत लिहिलेलं कुणाच्या नावावर करायचं ते या आठवड्यातच ठरवा. आणि त्याला सांगा, जाण्याआधी एलबीटीचा कोड काढून जा.